फिरायला चाललेय म्हण

पोशेरा, ता. मोखाडा
८ डिसेंबर २०२५

हरेशदादास,

पारूचा नमस्कार. वहिनीलाही नमस्कार, पोरांना पापा. आम्ही इकडे बरे आहोत, तुम्हीही जव्हारला बरे असाल. आश्रमशाळेत गुरुजींनी पत्राची सुरुवात अशीच शिकवली होती, म्हणून लिहिलं. बरे आहोत हे अर्धंच खरं, पण रीत सोडवत नाही.

पत्र बघून हसशील. पण फोन तू उचलत नाहीस, आणि उचललास तरी मध्येच ठेवता येतो. हे रजिस्टर पोस्टाने तुझ्या ऑफिसच्या पत्त्यावर पाठवतेय. तू कारकून माणूस. सही करून घेतलेला कागद न वाचता ठेवणार नाहीस, एवढं मी धरून चालते.

आधी घरचं. नागली झोडून झाली, वरई यंदा बेताचीच. आईचा गुडघा सुजलाय, तरी खळ्यावरून हलत नाही. मला मस्कतहून परत येऊन दोन महिने होत आले. पाड्यावरचं कोण कोण येऊन बघून गेलं. तू आला नाहीस. जव्हारहून एसटीने यायचं तर एका सकाळचं काम आहे, पण तुला ऑफिस असतं, हेही मी लोकांना सांगितलं.

परवा लहान्याकाका आले. तुझा निरोप आणला होता, की पारूला म्हणावं, झालं गेलं सोडून दे आणि नवशीच्या डोक्यात काही भरवू नकोस. मागोमाग नवशीच आली, नवा कोरा पासपोर्ट पदराखाली धरून. आपल्या सगळ्या चुलत भावंडांत धाकटी, तेवीस वर्षांची. बावीस तारखेचं तिकीट आहे म्हणाली. मस्कतला, घरकामाला, वहिनीच्या माहेरच्या त्याच एजंटाकडून, ज्याने मला पाठवलं. मला विचारत होती, तिकडे थंडी असते का, स्वेटर घेऊ का. मी म्हटलं, नको घेऊ. एवढंच बोलले आणि मग मला माझीच चीड आली.

तुला आठवतं का, एप्रिलमध्ये तुझ्या घरी तू माझा पाठ घेतला होतास? वहिनीने चहा केला होता. तू समोर बसून विमानतळावरचा साहेब झालास आणि विचारलंस, कशाला चाललीस? मी म्हटलं, "जगाया." आपल्याकडे दुसरं म्हणतात तरी काय? भिवंडीला वीटभट्टीवर गेलं तरी जगायला, नाशिकला द्राक्षांवर गेलं तरी जगायला. तुम्ही दोघं पोट धरून हसलात, मीही हसले. तू म्हणालास, "जगाया नाही गं येडे. फिरायला चाललेय म्हण." दहा वेळा म्हणून घेतलंस. दोनदा तरी तोंडात जगायाच आलं.

तो एक दिवसाचा सरकारी वर्ग असतो, परदेशी कामाला जाण्याआधीचा, त्याबद्दल मी विचारलं होतं. तू म्हणालास, त्यात नुसता सलाम करायला शिकवतात, दिवस फुकट जातो. मला पटलं. ऑफिसातला माणूस सांगतोय तर बरोबरच असणार.

विमानतळावर शिक्का मारायला एक बाई होती. पासपोर्ट बघून मराठीत बोलायला लागली. कुठल्या, घरी कोण, पहिल्यांदाच चाललात का. मग हळू आवाजात म्हणाली, "ताई, कुणी कामाला पाठवतंय का? असेल तर सांगा. मी थांबवू शकते." दादा, ती मला वाचवायला बसली होती. मला वाटलं, ती माझं नशीब अडवायला बसलीय. मी तिच्या डोळ्यात बघून म्हटलं, फिरायला चाललेय. तिने अजून एकदा बघितलं आणि शिक्का मारला. विमानात मला वाटत होतं, दादा असता तर किती खूश झाला असता.

तिथल्या घराचं मी फार लिहीत नाही. पासपोर्ट पहिल्याच दिवशी काढून घेतला. दाराला बाहेरून कुलूप. डाव्या हातावर इस्त्रीचा डाग आहे, तो आईला मी तव्याचा म्हणून सांगितलाय. पाच महिने काढले. आपल्या देशाची तिथे वकिलात असते आणि अडलेल्या बाईला तिथे ठेवून घेतात, हेही मला ठाऊक नव्हतं. शेजारच्या घरात कामाला असलेल्या केरळच्या एका बाईने भिंतीवरून चिठ्ठी टाकली, तिच्यात वकिलातीचा नंबर होता. तू फुकट म्हणालास त्या वर्गात तो नंबर तिला पहिल्याच तासाला लिहून दिला होता.

एके दिवशी दाराला कुलूप लावायचं राहिलं, तेव्हा मी निसटले आणि चिठ्ठी दाखवत दाखवत वकिलात गाठली. वकिलातीतल्या साहेबांनी नीट बसवलं, जेवायला घातलं. दहावी न झालेल्या बाईला तीस वर्षं पुरी झाल्याशिवाय तिथे घरकामाला जाता येत नाही, हे त्यांनीच सांगितलं. मी सत्तावीस. म्हणून मला फिरायला पाठवलं होतं. तुला नियम ठाऊक नव्हता असं मी स्वतःला किती दिवस समजावलं. पण काय म्हणायचं नाही ते शिकवणाऱ्याला नियम पाठच असतो.

आता जे कालपर्यंत कुणालाच बोलले नाही ते लिहिते.

साहेब म्हणाले, घरच्या कुणाचा तरी नंबर दे, तू कोण आहेस ते कुणीतरी सांगायला हवं. आईच्या फोनला पाड्यावर रेंज नसते. मला पाठ असलेला दुसरा नंबर एकच, तुझा. त्यांनी लावला आणि मला ऐकू यावं म्हणून फोन टेबलावर उघडा ठेवला. तू उचललास. त्यांनी वकिलातीचं नाव सांगितलं, माझं नाव सांगितलं, ही तुमची कोण, असं विचारलं. तू म्हणालास, "कौन पारू? मैं किसी पारू को नहीं जानता. राँग नंबर है." मागे तुझ्या ऑफिसातलं कुणीतरी चहा घ्या म्हणत होतं.

घरी सगळ्यांना मी सांगितलंय की फोन लागलाच नाही. आईलाही.

मी ओरडू शकले असते, दादा, मी आहे, मी इथेच बसलेय. ओरडले नाही. त्या परक्या माणसासमोर तू खोटा पडशील असं वाटलं. खोटी मीच ठरले. मग कागद दिल्लीला, तिथून पालघरला, तिथून मोखाड्याला. पाच आठवडे गेले. मोखाड्याचे हवालदार पाड्यावर येऊन आईला माझा फोटो दाखवून गेले, तेव्हा पासपोर्टाच्या जागी चालणारा कागद मिळाला आणि मी दिवाळीच्या तोंडावर आले.

तू घाबरलास, हे मी समजू शकते. नोकरी जाईल, नाव जाईल. माणूस एकदा घाबरतो. पण ते पाच आठवडे आई दर बाजाराला जव्हारला तुझ्या दारात येत होती. तुझ्यासाठी नागलीचं पीठ आणत होती. आणि तू तिला सांगत होतास, पारूचा फोन बिघडलाय, परवाच मालकिणीच्या फोनवरून बोलणं झालं, मजेत आहे. हे मला आल्यावर कळलं. माझ्याशी केलंस ते मी गिळलं असतं, दादा. हे गिळत नाही.

काल नवशीला बोलावून सगळं सांगितलं, इस्त्रीसुद्धा. ती म्हणाली, "हरेशदादा असं करायचा नाही." माझ्यावरच रुसून गेली. तिचा राग येत नाही. एप्रिलमध्ये मला कुणी सांगितलं असतं तर मीही हेच म्हटलं असतं. तू शिकवलेलं तिचंही पाठ झालंय, एकदाही चुकत नाही.

म्हणून आज सकाळी मी मोखाड्याला पोलीस ठाण्यात जाऊन आले. तेच हवालदार होते. त्यांनी बसून अर्ज लिहायला मदत केली. एक प्रत परदेशी कामाला जाणाऱ्यांच्या मुंबईच्या सरकारी कार्यालयात जाणार आहे. नवशीचं नाव, पासपोर्टाचा नंबर, बावीस तारीख, एजंटाचं नाव, सगळं दिलं. विमानतळावर तिला थांबवतील. ती माझ्याशी जन्मभर बोलली नाही तरी चालेल.

अर्जात, पाठवणाऱ्याशी तुमचं नातं काय, असं विचारलं होतं. हवालदार म्हणाले, चुलत आहे ना, मग लांबचा नातेवाईक लिही, घरात भांडण नको. मी भाऊ लिहिलं.

तुला ओळखणारी,
तुझी बहीण
पारू