ठेंगणी आणि दुसरा साक्षीदार

मी, श्रीमती मधुमती अवधूत खळदकर, वय एकाहत्तर, निवृत्त डेंटल टेक्निशियन, राहणार अर्ल्सडन, कॉव्हेंट्री, आज विजयादशमीच्या मुहूर्तावर, पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाखाली न येता आणि चहाखेरीज कसलेही सेवन न करता, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवते. प्रकृती ठणठणीत आहे. गुडघा तेवढा कुरकुरतो, पण रायफल पोटावर झोपून चालवायची असल्याने त्याचे फारसे काम पडत नाही. मरण्याचा तूर्त काही विचार नाही. उलट गेले काही दिवस मी भांडी घासताना गाणी म्हणते आहे, आणि शेजारच्या वरदाने भिंतीपलीकडून "काकू, सगळं ओके ना?" असे काळजीने विचारलेही आहे.

कलम १. यापूर्वीचे माझे मृत्युपत्र मी रद्द करते. माझे यजमान अवधूत गेल्यावर केलेले ते मृत्युपत्र चांगले होते, पण फार रडके होते. शिवाय सॉलिसिटरबाईंनी मला एक गंमत सांगितली. या देशात माणसाने लग्न केले की त्याचे आधीचे मृत्युपत्र आपोआप बाद होते. ते टिकवायचे असेल तर आपण कोणाशी लग्न करणार आहोत हे नाव घालून त्यातच लिहावे लागते. म्हणून पुढचे कलम.

कलम २. हे मृत्युपत्र मी श्री. मुरलीधर बेहेरे, निवृत्त गणित शिक्षक, पूर्वी लीड्स, आता आमच्या मागच्याच रस्त्यावर, यांच्याशी विवाह होईल या अपेक्षेने करते आहे. त्यांना अजून विचारलेले नाही.

आता विचारते आहे. मुरलीधरराव, तुम्हाला मी "दुसरा साक्षीदार म्हणून या" असे सांगून बोलावले आहे. तुम्ही खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवरचा बारीक मजकूरसुद्धा शेवटपर्यंत वाचता, तेव्हा सही करण्याआधी हेही वाचणारच. वाचत राहा. चहा गार झाला तर दुसरा करीन.

कायदा असा आहे की मृत्युपत्रावर जो साक्षीदार म्हणून सही करतो, त्याला त्यातून काही मिळत नाही. आणि खाली कलम ७ मध्ये मी तुम्हाला माझी सर्वांत लाडकी वस्तू देते आहे. तेव्हा तुम्ही सही केलीत तर मी समजेन की तुम्हाला साक्षीदारच राहायचे आहे. मी रुसणार नाही, दर गुरुवारी नेमबाजीच्या रेंजवर नेहमीसारखी भेटेन, विषय संपला. सही केली नाहीत तर तेही मला समजेल. तोंडाने काही बोलायची गरज नाही. बोलणे हा तुमचा प्रांत नव्हेच. चहात साखर नको हे सांगायला तुम्हाला काही वर्षे लागली, आणि तोवर माझा पाकासारखा चहा तुम्ही निमूटपणे प्यायलात.

बदली साक्षीदार म्हणून वरदाला चकल्यांच्या निमित्ताने थांबवून ठेवले आहे. ती नागपूरची, इथे सॉफ्टवेअरमध्ये आहे, तिला काही ठाऊक नाही. पहिला साक्षीदार आमच्या रायफल क्लबचा सेक्रेटरी डेरेक. त्याच्या पोटात काही राहत नाही, म्हणूनच हे मराठीत लिहिले आहे. इंग्रजी भाषांतर सॉलिसिटरबाई नंतर करून घेतील. इंग्रजीत मला भांडताही येत नाही आणि लाजताही येत नाही.

कलम ३. हे घर माझा मुलगा अपूर्व, राहणार कार्डिफ, याला द्यावे. मात्र कलम २ प्रमाणे घडले तर मुरलीधररावांना या घरात आजन्म राहण्याचा हक्क राहील. अट एकच. गॅरेजमधले माझे वर्कशॉप कोणीही आवरू नये. तिथे काय कुठे आहे हे मला माहीत आहे आणि मी नसले तरी ते तिथेच असेल.

कलम ४. बचत अपूर्व आणि सूनबाई अक्षया यांना समान. त्यातला थोडा भाग क्लबला द्यावा, रेंजवर हीटर बसवण्यासाठी. हीटर कशाला, ते लिहिणे भाग आहे, कारण डेरेक ती गोष्ट सगळीकडे चुकीची सांगतो.

अवधूत मोटारींच्या कारखान्यात होते आणि कारखान्याच्या रायफल क्लबात हौसेने जात. त्यांच्या गोळ्या टार्गेट सोडून सगळीकडे लागत. एका संध्याकाळी मी त्यांना बोलवायला गेले, जेवण गार होत होते. कोणीतरी थट्टेने माझ्या हातात एक जुनी रायफल दिली. बर्मिंगहॅमला बनलेली, बुटकी, काळवंडलेली छोटी मार्टिनी. खालची कडी ओढली की आतला ठोकळा खाली जातो, गोळी सारायची, कडी वर. खटक! असा आवाज येतो की बस. मी पहिल्यांदा ती कडी नुसतीच खालीवर करत बसले. मग नेम धरला. त्या दिवशी आम्ही गारच जेवलो.

सगळ्यांना तेव्हा नव्या चकचकीत जर्मन रायफली हव्या असत. या मार्टिन्या कोपऱ्यात पडून, कोणी विचारत नसे. मला त्यांचा फार राग यायचा, म्हणजे लोकांचा, रायफलींचा नव्हे. इतकी साधी, इतकी अचूक वस्तू, आणि तुम्ही तिला अडगळ म्हणता? मी लायसन्स काढले आणि एकेक अडगळ घरी आणू लागले. अवधूत म्हणाले, "बायका साड्या घेतात गं." मी म्हटले, "साडीला नेम नसतो." त्यावर ते इतके हसले की पुढे कधी काही बोललेच नाहीत.

तर, लीगची फायनल, कडाक्याचा जानेवारी. आदल्या रात्री अवधूतनी मला खूश करायचे म्हणून गुपचूप माझ्या मार्टिनीला तेल दिले. घरातले खोबरेल तेल. आपल्या माणसाला दुसरे काय सुचणार? डोक्याला, पायांना, कुरकुरणाऱ्या दाराला आपण तेच लावतो. रेंजवर पोहोचेपर्यंत ते आत गोठून साजूक तुपासारखे पांढरे झाले. मी चाप ओढला. आतून फक्त "फुस" आले. पुन्हा, फुस. डेरेक वाकून वास घेत म्हणाला, "माधू लव्ह, तुझ्या रायफलला पुडिंगचा वास येतोय."

सगळे हसले. पाहुण्या संघातला एक उंच, गप्प माणूस तेवढा हसला नाही. त्याने आपला मफलर काढला, गरम चहाचा थर्मास रायफलीला लावून दोन्ही एकत्र मफलरात गुंडाळले आणि बाजूला उभा राहून घड्याळाकडे बघू लागला. तेल वितळले. मी जिंकले, त्यांच्याच संघाविरुद्ध. मुरलीधरराव, तुमच्या कॅप्टनने परतीच्या गाडीत तुम्हाला काय काय ऐकवले असेल! पुढे तुम्ही आणि अवधूत जिवलग झालात. कॉव्हेंट्रीला राहायला आलात तेही त्यांच्याच आग्रहाने, हे मी विसरलेले नाही. तेव्हा हीटर बसवावाच, आणि त्यावर माझ्या नावाची पाटी लावू नये. अवधूतच्या नावाची लावावी.

कलम ५. माझा पितळी सोऱ्या माझी नणंद नीना हिला द्यावा. ती तो कधीपासून मागते आहे. हळदीकुंकवात चारचौघींत ती म्हणाली होती, "मधुमतीला बायकांचं काही जमत नाही, म्हणून हे बंदुकांचं खूळ." नीनाताई, त्या सोऱ्याची दांडी मी रायफलीच्या भागांसारखी पॉलिश केली आहे, म्हणूनच तो लोण्यासारखा चालतो आणि म्हणूनच तुम्हाला तो हवा आहे. चकलीची चकती मात्र मी सूनबाईंना देते. चकल्या करायच्या तर दोघींना एका स्वयंपाकघरात यावे लागेल. आठवण झाली की माझी निंदा करावी, माझी हरकत नाही.

कलम ६. कपाटातल्या रायफलींविषयी. अपूर्व, तू हे मृत्युपत्र अमलात आणणार आहेस, म्हणून नीट वाच. मी गेल्यावर कपाटाला हात लावायचा नाही. पोलिसांच्या फायरआर्म्स विभागाला फोन करायचा, ते पुढचे सांगतील. किल्ली कुठे आहे ते इथे लिहिलेले नाही आणि लिहिता येत नाही. ज्याच्या लायसन्सवर रायफल नाही, त्याला किल्लीची जागा कळता कामा नये. अवधूतनी क्लब आणि लायसन्स दोन्ही सोडले तेव्हापासून, चाळीस वर्षांच्या संसारात शेवटपर्यंत, त्यांनी किल्ली शोधण्यासाठी पिठाचे डबे उपसले, देव्हारा हलवला, माझ्या माहेरच्या ट्रंकेत डोके घातले. शेवटच्या आजारातही डोळे मिचकावून म्हणाले, "आता तरी सांग." मी सांगितले नाही. हॉस्पिटलात आम्ही दोघे खूप हसलो. ते फार गोड माणूस होते.

तुला या सगळ्याची लाज वाटते हे मला ठाऊक आहे. "आई, तुझा सगळा रायफल पोलिसला देऊन टाक ना, प्लीज. स्कूल गेटवर मी काय एक्स्प्लेन करू?" असे तू फोनवर म्हणालास. एवढेच एक्स्प्लेन कर, की माझी आई कागदावरच्या काळ्या ठिपक्याला भोक पाडते, आणि ते फार सुंदर पाडते. बाकीच्या रायफली क्लबला द्याव्यात.

कलम ७. ठेंगणी. ही रायफल कोणत्या कारखान्याने बनवलेली नाही, मी बनवली. कोणाच्या तरी भंगारातून एक मार्टिनीचे काळीज मिळाले, नुसते मधले पोलाद, ना नळी ना दस्ता. नळी बर्मिंगहॅमच्या गनस्मिथने बसवून, रीतसर तपासणीचा शिक्का मारून दिली. बाकी सगळे माझे. पोलाद लाकडात घट्ट बसावे म्हणून मी कवळीच्या हिरड्यांचे गुलाबी ॲक्रिलिक वापरले. आयुष्यभर हॉस्पिटलात लोकांच्या कवळ्या केल्या, हात त्यावर बसलेला. अपूर्वच्या दातांची पट्टीसुद्धा त्याच डब्यातली होती. दस्ता उघडला की आत गुलाबी हिरड्या दिसतात. डेरेक म्हणाला, "ती माझ्याकडे बघून हसतेय." आणि आधी हाच डेरेक म्हणाला होता की ही वस्तू पबच्या भिंतीवर टांगायच्या लायकीची आहे. पुढच्या लीगमध्ये ठेंगणीने त्याला हरवले. तो साक्षीदार असल्याने त्याला काहीही देता येत नाही, याचा मला मनापासून आनंद आहे.

आणि लाकूड. मुरलीधररावांच्या बागेतले अक्रोडाचे झाड वादळात पडले. सगळे म्हणाले, शेकोटीला द्या. त्यांनी एक जाड फळी कापून, टोकांना मेण लावून, गॅरेजमध्ये वाळत ठेवली. दस्त्याचे लाकूड घाईने वापरले की पुढे पिळवटते आणि नेम जातो. मी दर दिवाळीला विचारायची, "झालं का?" ते फळीवर हात फिरवून म्हणायचे, "अजून नाही." अवधूत गेले त्या वर्षी मी विचारले नाही. तरी त्यांनी दारात येऊन सांगितले, "अजून नाही." म्हणजे वाट बघण्यासारखे काहीतरी अजून आहे, एवढेच मला त्यातून ऐकू आले, आणि त्यावर मी तो हिवाळा काढला.

मग एका सकाळी फोन वाजला. "वाळलंय," ते म्हणाले आणि फोन ठेवला. मी स्लिपर्स घालूनच पळत गेले.

तर ही ठेंगणी मी मुरलीधर बेहेरे यांना देते. त्यांच्याकडे लायसन्स आहे, खांदा चांगला आहे आणि ते वेळेवर श्वास सोडतात. दर खंडेनवमीला तिला झेंडूचे फूल वाहावे. कुंकू लावू नये, पोलादाला ओल चालत नाही. खोबरेल तेल तर मुळीच नाही. त्यांनी खाली सही केली असेल तर ठेंगणी क्लबकडे जाईल, या अटीवर की ती कोणत्याही भिंतीवर टांगली जाणार नाही आणि कोणीतरी ती रोज नाही तरी दर गुरुवारी चालवील.

मुरलीधरराव, मजकूर संपला. पेन तुमच्या उजव्या हाताला आहे. मी चहा टाकायला जाते आहे, कारण तुमच्या तोंडाकडे बघत बसण्याचा धीर मला नाही. फक्त कृपा करून या वेळी "अजून नाही" म्हणू नका. लाकडापाशी वेळ असतो, आपल्यापाशी नाही.

(सहीपूर्वी स्वहस्ते केलेली भर)

मी चहा घेऊन आले तेव्हा मुरलीधरराव पुन्हा पहिल्या पानापासून वाचत होते. डेरेक तिसरी चकली खात होता. वरदा एकदा माझ्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघत होती. त्यांनी शेवटचे पान ठेवले, चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "मधुमतीबाई, कलम सातमध्ये चूक आहे."

मी ट्रे टेबलावर ठेवला. मी म्हटले, "कोणती?"

"ठेंगणीसाठी कोणी मरायची काय गरज? एकच रायफल दोघांच्या लायसन्सवर चढवता येते. मी उद्याच अर्ज करतो. म्हणजे किल्लीची जागाही तुम्हाला मला कायद्याने सांगता येईल." एवढे लांब वाक्य मी त्यांच्या तोंडून कधी ऐकले नव्हते. मग त्यांनी पेनला टोपण लावले आणि ते वरदाच्या पुढ्यात सरकवले.

डेरेकने विचारले, "ऑल राइट, माधू?" मी मुरलीधररावांना म्हटले, "अहो, आणि कलम दोन?"

त्यांनी टेबलावरून माझा हात हातात घेतला, त्यावरून अंगठा फिरवला, फळीवर फिरवायचे तसाच.

"वाळलंय," ते म्हणाले.

दुसऱ्या साक्षीदाराचे छापलेले नाव मी खोडले आहे. खाडाखोड माझीच, आनंदाने केलेली, शेजारी आद्याक्षरे म. अ. ख.

लिहून देणार: मधुमती अवधूत खळदकर (सही वाकडी आली आहे, शुद्ध मात्र पूर्ण आहे)

आम्हा दोघांच्या समक्ष सही झाली:
साक्षीदार पहिला: डेरेक पिकरिंग
साक्षीदार दुसरा: ~~मुरलीधर बेहेरे~~ वरदा कुकडे

स्थळ: कॉव्हेंट्री, स्वयंपाकघर
दिनांक: २ ऑक्टोबर २०२५, विजयादशमी, गुरुवार. आज रेंजवर आम्ही उशिरा जाणार आहोत.