तोंडी परीक्षेची तयारी

१ जानेवारी २०२४, सोमवार. सकाळी ५.१०. बाहेर २९ फॅरनहाइट.
नवीन वही. संकल्प एकच: यंदा अमेरिकेचा नागरिक व्हायचं आणि दिवाळीपर्यंत आईला इचलकरंजीहून इथे आयसेलिनला आणायचं. ग्रीन कार्डवाल्याला आईला बोलावता येत नाही, नागरिकालाच येतं. हे मी स्वतः वाचून काढलं आहे, वकिलाला विचारलेलं नाही. अर्ज ४ डिसेंबरलाच गेला, माझा आणि सुलभाचा एकदम. सुलभा नागरिक झाली तरी या कामी उपयोग नाही, सासूला बोलावता येत नाही. म्हणजे सगळं माझ्यावर आहे. ते बरंच. माझ्यावर असलं की काम होतं.
इंग्रजीची चिंता नाही. दहावीला इंग्रजीतच गेलो होतो हे खरं, पण नंतर बावीस वर्षं पॉवरलूम दुरुस्त करता करता शब्दकोश पाठ केला. सवड मिळेल त्या दिवशी पंचवीस शब्द. आजचा आकडा ११,४७५. मेहुणा अतुल इंजिनिअर आहे. आम्ही इथे आलो ते त्याच्या अर्जावर, हे तो कधी बोलून दाखवत नाही. पण त्याला इतके शब्द येत असतील असं वाटत नाही.

७ जानेवारी, रविवार.
आईला फोन. वय ७८, भाड्याची खोली, एकटी. गॅस बंद केला का हे बघायला तीनदा उठते. दिवाळीला तू इथे, असं सांगितलं. म्हणाली, चंदर, कुठल्या साली ते पण सांग.
मागची तीन वर्षं मी दिवाळीच म्हणत आलो. पण तेव्हा ग्रीन कार्डाची पाच वर्षं भरली नव्हती. आता भरली.

६ फेब्रुवारी, मंगळवार.
लायब्ररीत नागरिकत्वासाठी इंग्रजीचा वर्ग सुरू झाला. मंगळवार-गुरुवार, ६.१५ ते ७.४५. सुलभाला एकटीला जायला नको म्हणून मीही नाव घातलं. आधी चाचणी. एक बाई समोर बसून नुसत्या गप्पा मारतात. सुलभाला लेव्हल तीन मिळाली, मला एक.
गप्पा मारायला मी गेलो नव्हतो, त्यामुळे मोजकं बोललो. खालच्या वर्गात एखादा भक्कम माणूस असावा असा त्यांचा विचार दिसतो. तोंडावर तसं सांगता येत नाही. मी समजून घेतलं.

८ फेब्रुवारी, गुरुवार.
शिक्षिका दीपा. पंचवीस-सव्वीस वर्षांची, जन्म इथलाच, आईवडील नागपूरचे. मराठी चाचपडत बोलते, मला काका म्हणते. वर्गात आम्ही अकरा.
आज अख्खा दीड तास एका वाक्यावर. सॉरी, मला समजलं नाही, परत सांगाल का? हे प्रत्येकाने प्रत्येकाला म्हणायचं. ग्वाटेमालाचा एक रंगारी आणि एक चिनी आजी एकमेकांना म्हणून खिदळत होते. माझी पाळी आली. म्हटलं, मला समजलंय. दीपा म्हणाली, काका, समजलं तरी म्हणा ना, सवय होते. म्हटलं, न समजण्याची सवय मला कशाला?
ती पुढच्या माणसाकडे वळली.

५ मार्च, मंगळवार.
वर्ग सोडला. दीपाने वाटलेल्या कागदांवर प्रश्न ४१ नंतर एकदम ४३ होता. दाखवून दिलं. थँक यू काका म्हणाली आणि पुढे गेली. ४२ कुठे गेला याची कोणालाच फिकीर नाही. अशा ठिकाणी माझं कसं जमणार?
घरी अभ्यास. पहाटे ५ ते ६.२०, मग दुकान. (किराणा दुकानाचे सगळे फ्रीझर-कूलर माझ्या ताब्यात. सहा वर्षं होत आली, भेंडीची एक पिशवी खराब होऊ दिलेली नाही.)

१२ मार्च, मंगळवार.
दीपाचा घरी फोन. सुलभाने घेतला. दीपाचं म्हणणं, काकांना वाचता येतं, लिहिता येतं, पण समोरचा बोलला की ते घाबरतात, त्यांनी परत यावं. सुलभाने स्वतःचं काहीतरी घातलं असणार. मी घाबरतो हे दीपाला कुठून कळणार? मी तर वर्गात इंग्रजी बोललोच नाही.

२० एप्रिल, शनिवार.
इतिहास-राज्यघटनेचे शंभर प्रश्न तोंडपाठ. १ ते १००, न अडखळता, ६ मिनिटं ५० सेकंद. आरोहीने (कन्या, वय १७) मध्येच ६३ वा विचारला. तिला सांगितलं, पहिल्यापासून विचार. म्हणाली, बाबा, दे डोंट गो इन ऑर्डर. म्हटलं, सरकारी काम आहे, क्रमानेच असणार. ती मान हलवून फोनमध्ये गेली. ही पिढी पद्धतशीर नाही.

१८ जून, मंगळवार.
सुलभाचा इंटरव्ह्यू. पास. चौदा मिनिटांत बाहेर.
स्वतःच हसत सांगते, ऑफिसरला तीनदा म्हणाले, सॉरी, परत सांगा. मिठाईच्या दुकानात काउंटरवर दिवसभर ती हेच म्हणत असते. आणि तरी पास केलं! परीक्षा इतकी ढिली असेल तर माझं पाच मिनिटांत होईल. संध्याकाळी अतुल फुलं घेऊन आला. सुलभा म्हणाली, अहो, मी ऑफिसर बनते, रोज अर्धा तास बोलू या. नको म्हणालो. माझी पद्धत वेगळी आहे.

९ जुलै, मंगळवार. दुपारी १.२५. बाहेर ९३.
इंटरव्ह्यू झाला. उत्तम.
ऑफिसर दाढीवाला, नम्र. वाचायला वाक्य दिलं, वाचलं. लिहायला दिलं, लिहिलं. इतिहासाचे सहा प्रश्न, सहाही बरोबर, दहापर्यंत जावंच लागलं नाही. क्रम चुकवून विचारले, पण मी मनात १ पासून पळत त्या आकड्यापर्यंत जायचो. एका ठिकाणी कुठलंही एक नाव सांगा असं होतं, मी चारही सांगितली.
मग अर्जावरचं बोलणं. हे तो फार भरभर करत होता. त्याला खोळंबून ठेवणं बरं दिसत नाही, म्हणून प्रत्येकाला मान डोलावून यस म्हणत गेलो. मोठ्या माणसाशी बोलायची आपली रीतच आहे. तो मध्ये थांबला, तेच सावकाश विचारलं. पुन्हा यस म्हणालो. त्याला आश्चर्य वाटलेलं दिसलं.
शेवटी एक कागद दिला. पुन्हा बोलावतील. बहुधा शपथेसाठी.

१० जुलै, बुधवार.
आरोहीने कागद वाचला. बाबा, यू डिडन्ट पास द स्पीकिंग पार्ट. वाचणं, लिहिणं, इतिहास पास, बोलणं नापास, आणखी एक संधी मिळेल, असं त्यावर आहे म्हणते. म्हटलं, चुकीच्या चौकटीत खूण झाली असेल. मग तिने माझा अर्ज काढला आणि एकेक प्रश्न मराठीत सांगितला. तुम्ही कधी खोटं बोलून मतदान केलंत का? यस. कधी तुरुंगात गेलात का? यस. दारूचं व्यसन? यस.
ती हसायला लागली. हसता हसता थांबली.
हे प्रश्न मला लेखी दिले असते तर एकही चुकला नसता.

१४ जुलै, रविवार. सकाळी ८.०५.
आईला फोन. परीक्षा झाली का, म्हणाली. झाली म्हणालो. मग पास का, म्हणाली.
चारपैकी तीन भागांत पास आहे. पंच्याहत्तर टक्के. इचलकरंजीत याला डिस्टिंक्शन म्हणतात. तेव्हा पास म्हणालो.
 आई म्हणाली, म्हंजे खरंच यायचं व्हय रं?
उरलेला भाग सप्टेंबरात होईलच. खोटं असं काही नाही, जरा आधी सांगितलं इतकंच.

२६ जुलै, शुक्रवार.
सुलभाचा शपथविधी. छोटा झेंडा मिळाला. आरोही अठराच्या आत असल्यामुळे आईबरोबर तीही आपोआप नागरिक. म्हणजे घरात तिघांपैकी दोन नागरिक. फोटो मी काढले. एकाच्या वेळी अतुल म्हणाला, दाजी, तुम्ही पण या. कोणीतरी काढायला हवा, असं मी म्हणालो.

१८ ऑगस्ट, रविवार.
अतुलच्या मागच्या अंगणात कणसं भाजली. पुन्हा परीक्षेची तारीख आली आहे, १ ऑक्टोबर. अतुल म्हणाला, दाजी, मागच्या वेळी सगळ्याला यस, आता सगळ्याला नो म्हणून या. सगळे हसले. सुलभा हसली नाही. ती म्हणाली, अतुल, गप्प बस. अहो, तुम्ही दीपाकडे जा. अजून सहा आठवडे आहेत.
घरी येऊन अर्ज काढला. हो-नाहीचे प्रश्न मोजले. शेवटचे काही सोडले तर बाकी सगळ्यांचं बरोबर उत्तर खरोखर नो. अतुल चेष्टेत बोलला, पण मुद्दा पक्का आहे. शेवटचे आले की ओळखू येतीलच.

२२ सप्टेंबर, रविवार.
आईला फोन. एक अडचण.
आईने खोली सोडली. मालकाला महिनाअखेर सांगितली आहे. लोखंडी कॉट शेजारच्या रेखाच्या मुलीला दिली, बाळंतपणाला आली आहे म्हणून. गॅस, पातेली, घागर, शिवणयंत्र, सगळं वाटलं. एक ट्रंक ठेवली. गल्लीतल्या बायकांनी साडी-नारळ देऊन निरोप दिला. आई सांगत होती, कोण काय म्हणालं, कोण रडलं. मी मध्ये बोलू शकलो नाही. एकदा म्हणालो, आई, घाई केलीस. म्हणाली, अरे, दिवाळीला महिना राहिला की.
सुलभा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. फोन ठेवल्यावर म्हणाली, तुम्ही आईंना काय सांगितलंय?
मी वही काढून बसलो. १ तारखेला सगळं मार्गी लागेल.

२४ सप्टेंबर, मंगळवार.
लायब्ररीवरून गेलो. खिडकीतून वर्ग दिसतो. तो रंगारी आता दीपाच्याच लेव्हल दोनमध्ये आहे, फळ्यापाशी उभा राहून काहीतरी सांगत होता आणि सगळे ऐकत होते. दीपाने मला पाहिलं, हात केला, दाराकडे यायला लागली. मला दुकानात डेअरीच्या कूलरचं काम होतं.
काम नव्हतं. पण निघालो.

१ ऑक्टोबर, मंगळवार. दुपारी १२.४०.
या वेळी ऑफिसर बाई. चष्मा, बारीक आवाज. मागच्यापेक्षाही भरभर.
ठरल्याप्रमाणे नो. पहिले दहा-बारा सुरळीत. बाईंची मान हलत होती. मला वाटलं, जमलं. मग त्यांचा सूर जरा बदलला. ते शेवटचे प्रश्न असावेत असं आता वाटतं. घटनेला पाठिंबा आहे का, शपथ घ्यायची तयारी आहे का, तसले. मी नो म्हणालो. त्यांनी वर पाहिलं. पुन्हा विचारलं. पुन्हा नो.
मग त्यांनी पेन खाली ठेवलं आणि अगदी सावकाश, एकेक शब्द सुटा करून विचारलं, मी काय विचारतेय ते तुम्हाला समजतंय का?
हा प्रश्न मला पूर्ण समजला. प्रत्येक शब्द.
तोंडात नो बसलेलं होतं.
बाई चांगल्या होत्या. दारापर्यंत आल्या.

२ ऑक्टोबर, बुधवार.
कामावर गेलो. फ्रीझर ३ चा काटा शून्य फॅरनहाइटवर, हवा तिथेच. नवीन अर्ज करता येतो. पुन्हा सगळं पहिल्यापासून, सहा-आठ महिने. आकडा ११,४७५ वरच आहे, १ जानेवारीनंतर शब्दच केलेले नाहीत, हे आज लक्षात आलं.

१३ ऑक्टोबर, रविवार.
आईला फोन केला नाही. लाइन खराब असते.

२० ऑक्टोबर, रविवार.
आईचाच मिस्ड कॉल, दोनदा. दुकानात होतो.
दुकान रविवारी अकराला उघडतं. फोन आठला आला होता.

२७ ऑक्टोबर, रविवार.
सुलभा म्हणाली, आई रेखाच्या मागच्या पडवीत राहतायत, जमिनीवर सतरंजी टाकून. म्हणाली, मला त्यांनी विचारलं, तिकीट कितीचं आहे, सकाळचं का दुपारचं? मी काय सांगू? तुम्ही सांगणार की मी सांगू?
मी सांगतो म्हणालो. पण दिवाळीच्या तोंडावर नको.

३ नोव्हेंबर, रविवार. भाऊबीज. सकाळी ८.००. घड्याळ आज एक तास मागे.
सुलभाने फोन लावून माझ्या हातात दिला आणि बाहेर गेली.
आईला सांगितलं. पास झालो नाही. जुलैतही झालो नव्हतो. पुन्हा अर्ज करायचा, मग परीक्षा, मग तुझे कागद, त्याला आणखी वर्ष-दीड वर्ष. सगळं एका दमात सांगितलं.
पलीकडे रेखाच्या घरातलं तान्हं रडत होतं. आई म्हणाली, कशात गेलास?
बोलण्यात, म्हणालो.
म्हणाली, ल्हानपणी पण तू चार वर्सांचा होईस्तवर बोलला न्हाईस. लोक म्हणायचे, मुका हाय. मी म्हणायची, बोलंल की. वाट बघितली तुझी.
मी म्हणालो, आता पण बोलेन, आई. थोडं थांब.
म्हणाली, तवा मला वेळ हुता, चंदर.
मी बरं म्हणालो. मग तीही बरं म्हणाली.