रेहानाच्या नावावर काहीच नाही

५ मे, मंगळवार
डोकं फिरलंय. पुण्याहून सरांचा फोन. "रेहानाच्या नावाने शोधलं. पाडव्यापासून एकही नोंद नाही. रत्नागिरीच्या ऑफिसात बसून करते काय ती?" शुक्रवारी म्हणे तिचा निकाल लावणार.

अहो, माझ्या शेजारच्या खुर्चीत बसून ती रोज आमच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधते, मी सांभाळते त्या नोंदींच्या ट्रॅकरवर टाकते! नंबर घालून उघडल्या तर तिच्या सगळ्या नोंदी जागच्या जागी. शोधात मात्र पाडव्यानंतरचं शून्य. पाडव्याच्या सुट्टीत ट्रॅकर नव्या सर्व्हरवर हलवला, तेव्हापासून शोध ज्या यादीत बघतो, त्या इंडेक्समध्ये नवं काही चढतच नाही.

रे.ला विचारलं. "मी लिहायचं ते लिहिलंय, ताई." एवढंच. भाऊ कतारची नोकरी सुटून परत आलाय, घर तिच्या पगारावर.

६ मे
सरांना म्हटलं, इंडेक्स पुन्हा बांधू, तोवर शोधात सगळं दिसणार नाही. "आत्ता नको, क्लायंटला दाखवायचंय." मग शुक्रवारही पुढे ढकला की! "ते ठरलंय." माझं नाव घालून बघा म्हटलं, पाडव्यानंतरचं तेही रिकामंच येईल. "तुझं काम माहितीये गं आम्हाला."

आणि तिचं? चोर सोडून संन्याशाला फाशी.

७ मे
अखेर परवानगी. सकाळीच सुरू केलं. सगळ्यात जुन्या नोंदीपासून एकेक चढते, किती झालं ते दाखवणारी पट्टी हळूहळू सरकते, वेळ लागतो. मेलमध्ये स्पष्ट लिहिलं, कोणी हात लावू नका.

दुपारी बघते तर थांबलेलं. सरांनीच रद्द केलं! "पट्टी हलेना, वाटलं अडकलं." जुनं तेवढं चढलंय, पाडव्यानंतरचं काहीच नाही. वर मलाच ऐकवतात, "आता इंडेक्स केलास ना? तरी तिचं काही नाही."

असा संताप आला की...

घरी बाबा आंब्याची आढी लावत होते. त्यांना सांगितलं. गवत सारखं करत म्हणाले, "आढीत रोज हात घालून आंबा पिकतो काय गो?"

८ मे, शुक्रवार
ऑफिसात पहिलं काम: सरांच्या खात्याचे अधिकार काढले. रद्दचं बटणच दिसणार नाही त्यांना. माझी नोकरी गेली तर गेली. मग इंडेक्स पहिल्यापासून. रे. शेजारी, चहा तसाच.

पट्टी पाडव्याच्या जरा पुढे आली. तिचं नाव घालून शोधलं. पाडव्यानंतरची एकच नोंद, दुसऱ्याच दिवसाची: "नवीन नोंदी शोधात येत नाहीत. इंडेक्स तपासावा." जबाबदारी: सर.

"तोंडाने सांगायचंस ना गो!"

"सांगितलं होतं, ताई. सर म्हणाले, ट्रॅकरवर टाक."

लिंक सरांना पाठवली. वाचल्याची खूण आली.

पट्टी अजून चढतेय. आतल्या खोलीत सरांच्या व्हिडिओ मीटिंगचं बोलावणं आलं, तिला एकटीला. मीही तिच्याबरोबर उठले.