बाबांच्या जिभेला करंट

४ मार्च, मंगळवार

मुकादमाच्या अंगावर धावून गेलो! "तुझा बाप क्रेनवर घोरत होता" म्हणे, सगळ्यांसमोर. अरे, झोपेत घसा बंद होतो त्यांचा, श्वास अडकतो. रात्रभर झोप अशी लागतच नाही, म्हणून भरदिवसा डोळा लागला — लोखंड हवेत लटकलेलं. कुणाला लागलं नाही, पण क्रेनवरून उतरवलं ते उतरवलंच. यार्डातला सगळ्यात हलका हात आता गेटवर बसून गाड्या मोजतो!

श्वासासाठी रात्री लावायला दिलेला मास्क झोपेत ओढून फेकतात. उद्या ऑपरेशन. छातीत कातडीखाली यंत्र, तिथून वायर जिभेच्या नसेला.

माझ्याशी बोलत नाहीत. कॉलेज अर्ध्यात सोडलं आणि त्यांच्याच यार्डात क्रेनला खालून खुणा करायला लागलो, तेव्हापासून. "वर्गात न टिकलेल्याच्या हातावर मी वजन उचलणार नाही." बरं, नका उचलू! पण वर तर जा.

९ एप्रिल

यंत्र चालू केलं. चालू करणारी हॉस्पिटलातली मुलगी — काय सांगू! "काका, तयार?" म्हणाली, बटण दाबलं, आणि बाबांची जीभ आपोआप बाहेर! अख्ख्या यार्डाला दरडावणारा माणूस!! मी फिस्सकन हसलो. आई म्हणाली, "दात काढू नकोस." बाबांनी जीभ बाहेर असतानाच डोळे वटारले.

आता झोपताना रिमोट दाबायचा. श्वासागणिक जीभ जराशी पुढे सरकते, घसा मोकळा राहतो.

तिनं विचारलं, "तू काय करतोस?" छाती काढून सांगितलं — क्रेनला खुणा!

"म्हणजे काका तुझं ऐकतात?"

मी रिमोटची बॅटरी किती टिकते ते विचारलं.

१२ एप्रिल

बाबा चहा पिताना पेंगले नाहीत. पेपर अख्खा वाचला. मग माझ्या केसांवरून आईला ऐकवलं. काय आवाज लागला होता!

२१ मे

झोपेची तपासणी पुन्हा — पास! कंपनीच्या डॉक्टरांनीही हो म्हटलं. माझा बाप वर जाणार! कॉलर ताठ करून तिला सांगायला गेलो. पुढचंही सगळं पाठ करून ठेवलं होतं.

"अभिनंदन हं, दादा!"

दादा!! मेलो.

२६ मे, सोमवार

बाबा शिडी चढून केबिनमध्ये बसले. वॉकीटॉकीवर विचारलं, "खुणेला खाली कोण?"

मुकादम म्हणाला, "तुमचाच दिवटा."

क्रेनचा हूक सरकत माझ्यासमोर येऊन थांबला. मग —

"हात वर कर, पोरा. उचलतो."