चप्पल चावली, ते सांगायचं राहिलं

गडमुडशिंगी
ता. ९ फेब्रुवारी २०२५, रविवार

लाडकी स्वप्नाली,

आज्जीचा तुला पोटभर आशीर्वाद. म्हस परवा व्याली, रेडी झाली. चौथीपतूर शिकलेली मी, अक्षर गोड मानून घे. फोनवर बोलायला जमंना म्हणून कागद धरला.

पुण्याच्या लॅबात तू काय करतीस ते आता डेअरीवर समद्यांस्नी ठावं हाय. मीच सांगितलं. अंगाला जखम झाली की तिथनं एक सांगावा सुटतो. त्याचं इंग्रजी नाव माझ्या तोंडात बसत न्हाय. गुऱ्हाळाचा वास कसा लांबनं पातळ, जवळ गेलं की दाट, तसा त्यो. पांढऱ्या पेशी दाट बाजू धरून सरपटत जखमेवर येत्यात. डेअरीवरची शेवंताबाई म्हणाली, "एवढं शिकून नातीनं मुंगळ्याचंच काम धरलं व्हय?"

मी म्हटलं, "मुंगळा गुळाला खायला येतोय. ह्या मरायला येत्यात. पू म्हंजे त्यांचीच मढी की."

पेशींस्नी डोळं न्हाईत, कान न्हाईत, तरी वाट धरत्यात. आन ती वाट माझी नात दुर्बिणीतनं बघती. छाती फुगती बघ माझी.

गेल्या आठवड्यात तू म्हणालीस, साखरेच्या माणसाच्या पेशी सांगावा मिळूनबी रेंगाळत्यात. तवा मी दूध उतू जातंय म्हणून फोन तुझ्या आईकडं दिला. गॅसवर दूध न्हवतं.

पयल्या पगारात तू घेऊन दिलेल्या चपला शेजारच्या मोनाच्या लग्नात घातल्या. करकर वाजायच्या, समदी वळून बघायची. तिथं त्या चावल्या. माझं पाय साखरेनं बधिर, कळलंच न्हाय. घरी येऊन बघते तर टाचंला फोड. नवी चप्पल चावायचीच, म्हणून मी फोड सोडून चपलेलाच तेल लावत बसले. तू दिलेल्या वस्तूला नाव नगं, म्हणून कुणाला बोलले न्हाय. पंधरा दिवस.

काल तुझ्या आईनं बघितलं आन दवाखान्यात नेलं. रोज पट्टी, रोज सुई. पाय वाचंल का, ते डॉक्टर शनिवारी बघून सांगणार. मी त्यास्नी म्हटलं, माझ्या पेशी येत्यात, जरा दम धरा. ते हसले न्हाईत.

चपलेवर राग धरू नगंस, स्वतःवर तर मुळीच न्हाय. तुझं काम मोठं हाय, ते बुडवून ये असं कवा म्हणाले न्हाय.

आज म्हणते. शनिवारी ये.

भ्यालेली,
तुझी चिमणाबाई आज्जी