साळिंदराचा काटा आणि पुढचा टायर

सूनबाई,

काल टायर साळिंदराच्या काट्याने फाटला नाही. वळताना मला फुटपाथची कड दिसलीच नाही आणि मी गाडी तिच्यावर घातली. चाकाला लागलेला पांढरा रंग तू ओल्या फडक्याने गुपचूप पुसलास, ते मी खिडकीतून पाहिलं.

जेवताना चिरंजीव कडाडले, "एकाबरोबर दुसराही टायर बदलायचा? पैसे काय झाडाला लागतात?" मी साळिंदर आणखी रंगवणार, तोच तू म्हणालीस, "दोन्ही झिजलेच होते हो, मीच चालढकल केली." स्वारी गप्प! जन्मभर थापा मारतोय, पण माझ्या एकाही थापेवर या घरात कुणी गप्प बसलं नाही. तुझ्या एका वाक्यापुढे माझं साळिंदर पाणी भरेल.

पण माझ्यापायी तू बोलणी खायची नाहीत. गाडीची चावी चिठ्ठीखाली आहे, ती आता तुझ्याकडेच राहू दे. मी बसने डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलोय. संध्याकाळी खरं काय ते त्याला मीच सांगेन. तू फक्त जवळ बस, आणि माझ्या सांगण्यात हत्ती शिरायला लागला, तर जोरात खाकर.

– बाबा