चाफा हाताच्या उंचीवर

प्रिय बाबा,

आईबरोबर पाठवलेला चाफा मिळाला. रागावलेला माणूस केळीच्या पानात इतकी नीट पुडी बांधत नाही, असं इशिता म्हणते. इशिता म्हणजे माझी बोळिंजच्या खोलीतली सोबतीण. तिला तुमचा राग कुठे ठाऊक आहे! त्या नव्या डॉक्टरांकडे पायांच्या ऑपरेशनला येणार नाही, असं मी सांगितलं आणि तेव्हापासून माझा फोन आला की तुम्ही तो न बोलता आईच्या हातात देता. आपलं गाव गास काही परमुलखात नाही, रिक्षाने यावं इतकं जवळ, आणि मी बसलेय पत्र लिहीत. पण पत्र तुम्ही वाचल्याशिवाय आईकडे देणार नाही, एवढा तुमचा स्वभाव मला माहीत आहे.

मी ऑफिसात काय करते हे तुम्ही कधी धड विचारलं नाहीत, म्हणून सांगते. आमच्याकडे डोळ्यांवर चढवायचा एक मोठा चष्मा असतो. तो घातला की समोर अख्खा कारखाना दिसतो, खोटाच, पण अगदी खऱ्यासारखा. नवे कामगार खऱ्या मशीनला हात लावण्याआधी त्यात शिकून घेतात. पहिल्या दिवशी मी व्हीलचेअरवर बसून तो घातला, तर टेबल थेट नाकाशी! सॉफ्टवेअरला वाटलं, बाई खड्ड्यात पडलीय. आमचा प्रोग्रामर एरॉल आधी पोट धरून हसला, मग ओशाळला. त्या दिवसापासून हा चष्मा कुणालाही वापरता यावा, हे बघायचं काम माझ्याकडे आलं.

माझ्या वाढदिवसाला सगळ्यांनी मिळून मला चकित करायचं ठरवलं. चष्मा घातला, तर मी उभी! खाली बघितलं तर दोन धडधाकट पाय. "हेमांगी, बघ ना, तू उभी आहेस, यार!" एरॉल ओरडला आणि टाळ्या पडल्या. मी रडले. त्यांना वाटलं, आनंदाने. बाबा, मला तेव्हा तुमचाच चेहरा आठवला. तुम्ही किती हरखला असता! मला मात्र खूप वाईट वाटलं. मला न विचारता बाजूला सारून माझ्या जागी कुणी दुसरीच मुलगी उभी केली होती. मी चष्मा काढला आणि आमचे साहेब श्रीरंगसर यांना म्हटलं, मला वर नेऊ नका, मशीनची बटणं खाली आणा.

हे मला सुचलं ते आपल्या फुलझाडांच्या वाडीमुळे. तुम्ही चाफ्याचा शेंडा छाटता, झाड उंच जाऊ देत नाही, का तर जमिनीवरून फुलं हाताला लागावीत. मी खुर्चीत बसून परडी भरायचे आणि आई म्हणायची, आमच्यापेक्षा हिचाच हात भरभर चालतो. तसंच आम्ही केलं. आता बसलेल्या माणसाची बटणं त्याच्या हाताशी येतात, एका हातानेही काम होतं, ऐकू न येणाऱ्याला सूचना लिहिलेल्या दिसतात. सगळ्यांत खूश कोण, तर एरॉल! उंचीने बेताचा, इतके दिवस टाचा उंचावून बटणं दाबायचा, पण लाजेपायी बोलला नव्हता.

येत्या शनिवारी कारखानदार हे बघायला येणार आहेत आणि दाखवायचं मला आहे. घरच्यांनाही बोलावलंय. आई येतेय. तुम्हीही या, बाबा. ऑपरेशनचं मी ठरवलंय, ते बदलणार नाही. पण तुमच्या अबोल्याने मी आतून पार खचून जाते. शनिवारी तुम्ही चष्मा घातलात की आधी एक प्रश्न दिसेल : बसून काम करणार की उभ्याने? तो मी लिहिलाय. मला आजवर कुणी विचारला नाही, म्हणून सगळ्यांना विचारते. तुम्हाला हवं ते निवडा. माझ्या शेजारी एक खुर्ची मात्र मी तुमच्यासाठी राखून ठेवतेय.

तुमचीच, आहे तशी,
हेमांगी